मी मानद होता होता राहिलो

आमच्या फुटबॉल मंडळाचे नियम बदलायचे ठरले, तेव्हा त्या बदलासाठी सगळ्यात जास्त सायकल मी हाणली. हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हातारा नव्याच्या आड आला. आड कसला येतो! मी इतका पुढं होतो की माझाच हक्क काढून घ्या म्हणून घरोघरी जाऊन लोकांना विनवत होतो, आणि वर त्यांचा चहा पीत होतो.

आमचं मंडळ खेळणाऱ्यांचं नाही, बघणाऱ्यांचं आहे. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. खेळणारे अकरा. त्यांची लग्नं होतात, नोकऱ्या लागतात, गुडघे जातात, अकरा बदलत राहतात. बघणारे तेच. वरठीच्या कारखान्यात दूरदूरच्या मुलखातून कामगार आले, त्यांनी सोबत चेंडू आणला. पाळी सुटली की स्टेशनाकडच्या पडीत जागेवर ते खेळायचे. मी तेव्हा ठेकेदाराकडे लोखंड चढवायच्या कामावर होतो. घरी जाताना सायकल टेकवून दहा मिनिटं बघायचो. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, आणि अर्ध्या तासाचा अंधार.

एकदा आमची टीम तुमसरला खेळायला गेली. त्यांच्या बाजूनं ओरडायला अख्खा मोहल्ला, आणि आमच्या बाजूनं एक सायकलवाला, तोही पंक्चर झाली म्हणून थांबलेला. पोरं चार गोल खाऊन आली. पुढच्या वेळी आम्ही सहा जण सोबत गेलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो. हरलो तरीही, पण एकाच गोलनं. परतीच्या गाडीत ठरलं की आपलं मंडळ झालं. अध्यक्ष कोण? ज्याचा आवाज मोठा तो. तो मी. तेव्हा माझे केस काळे होते. पुढं ते पांढरे झाले, मग गेले. अध्यक्षपद राहिलं.

त्या सहांपैकी आता दोघंच वरठीत आहोत. दुसरा रेल्वेतला गँगमन, तोही केव्हाचा रिटायर. त्याचं आणि माझं आजपर्यंत कोणत्याच गोष्टीवर एकमत झालेलं नाही, आणि एकमेकांशिवाय आम्ही सकाळचा चहाही घेतलेला नाही.

मंडळाचे नियम कागदावर कधी नव्हतेच. एक रीत होती. मैदानाच्या रेघा आम्ही चुन्यानं आखत नाही, राईस मिलमधून कोंड्याची राखड आणतो. काही ठरवायचं झालं की सगळ्यांनी मैदानात यायचं आणि मधली रेघ राखडीनं ताजी करायची. ज्याचं ‘हो’ त्यानं स्टेशनाच्या अंगाला उभं राहायचं, ज्याचं ‘नाही’ त्यानं बोडीच्या, म्हणजे तिथल्या लहान तलावाच्या अंगाला. मग डोकी मोजायची. रेघेवर घोटाळत बसायचं नाही. आणि ज्याच्याबद्दलची गोष्ट असेल त्यानं पहिले पाय उचलायचा, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ह्याला विचारलंच नाही. ही रीत इतकी अंगात मुरली की आमच्यात सोयरीक जुळवतानासुद्धा पोराला विचारतात, “बोल गा, राखडीच्या कोणत्या अंगाले?”

तर गुरुजी. आमचे सचिव शाळेत मास्तर आहेत, चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. माणूस सरळ. एक दिवस दुपारी मोटरसायकल लावून आले आणि टाचलेले कागद माझ्या हातात ठेवले.

“आबाजी, नियमदुरुस्तीचा मसुदा. नोंदणी करायची तर लेखी नियमावली लागते.”

“किती पानं?”

“सात.”

“येवढे? अख्ख्या फुटबॉलले सतरा नियम पुरतात, गुरुजी. आपण तं नुसते पाहणारे.”

गुरुजी हसले. म्हणाले, “मैदान आज पडीत आहे म्हणून आपलं. उद्या कोणी तिथं काही बांधाले घेतलं तर आपण कोणत्या तोंडानं बोलू? नोंदणी झाली तर ग्रामपंचायतीकडे रीतसर मागता येईल. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सभा आहे. तोपर्यंत वाचून ठेवा.”

“वाचतो ना. मले काय धाड भरली वाचाले?”

माझं शिक्षण तिसरी. तीही अर्धी. मास्तरानं विनाकारण कानाखाली दिली, मी म्हटलं आता येत नाही, आणि गेलो नाही. मी शब्दाचा पक्का आहे. दुकानाच्या पाट्या, पेपरातले मोठे मथळे, ट्रकच्या मागं लिहिलेलं सगळं मी वाचतो. पण सरकारी मराठी समोर आली की एका ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. ही गोष्ट मी मंडळात कोणाला कळू दिली नव्हती. सभेत कागद आला की माझा चश्मा घरी राहायचा. इतकी वर्षं राहिला, कोणी विचारलं नाही की अध्यक्षसाहेब, चश्मा गळ्यात अडकवायला दोरी घेऊन देऊ का.

गुरुजी गेल्यावर मी ओसरीत बसून, ओळीखाली बोट धरून, माझं काय ते शोधलं. चौथ्या पानाच्या तळाशी सापडलं. आठवं कलम. ‘संस्थापक अध्यक्ष यांना तहहयात मानद अध्यक्ष म्हणून मान्यता देण्यात येईल. मानद पदाधिकारी मंडळाच्या आदरास पात्र असतील व’. इथं पान संपलं.

तहहयात मला कळलं. पेन्शनीसाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, जिवंत आहे म्हणून. म्हणजे जिवंत आहे तोवर अध्यक्ष. चांगलं. राहिलं मानद. त्यावर मी जरा विचार केला. मान तर सरळच आहे. मग तो ‘द’ कशाचा? ‘दे’चा असणार. आपण बोलताना दे म्हणतो, पुस्तकात त्याचा द होत असेल. मान द. म्हणजे मान दे. हुकूमच झाला की! नुसता अध्यक्ष नाही, ज्याला बाकीच्यांनी मान दिलाच पाहिजे असा अध्यक्ष, आणि तो मरेपर्यंत. ‘व’च्या पुढं काय असेल ते मी पाहिलं नाही. आदराच्या पुढं आणखी आदरच असणार, असं धरून कागद घडी करून खिशात ठेवला आणि चौकात चहाला गेलो.

गँगमन आधीच बसला होता. त्यालाही कागद मिळाला होता, आणि तो पेटला होता.

“पायलं का बुढ्या? आता फारम भरा लागते म्हणते. सात दिवस आधी लेखी नोटीस. तीन वर्षांत पदाधिकारी बदलाचे. हे काय मंडळ होय का तहसील?”

“बदल लागते गा. जमाना कोठी गेला.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजारी आहे. “तू बदल म्हणून राहिला? तू? ज्यानं रेडिओ मोडला तरी नवा घेतला नाही?”

“मी मानद होऊन राहिलो,” मी म्हटलं, आणि चहावाल्याला हाक मारली, “सगळ्यायले चहा दे, माझ्याकडून.”

गँगमननं चहा बशीत ओतला. आता विचार करतो तर वाटतं, त्यालाही अर्थ माहीत नसावा. पण तो विचारणार नव्हता आणि मी सांगणार नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. नवे नियम नापास झाले तर माझं मानदपणही जाईल, हे सरळ होतं. म्हणून जे जुन्याचे वाटत होते त्यांच्या घरी गेलो. कारखान्यातली पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो आणि एकेक सायकल, एकेक मोटरसायकल थांबवली. “सगळे नियम पास करजा. आठव्या कलमाले तं डोळे मिटून हो म्हणजा.” एक जुना सभासद आता दिघोरीला धानाच्या शेतीत आहे. एसटी बदलत त्याच्यापर्यंत गेलो. तो बांधावर उभा राहून माझं ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं चक्क माझ्या पायाला हात लावला.

“भाऊ, येवढी मोठी छाती पायजे. मी असतो तं सोडलं नसतं.”

मला वाटलं, काय सोडलं नसतं? पण पायाला हात लावणाऱ्याला उलट विचारायची रीत नाही. मी आशीर्वाद दिला आणि परतीची एसटी धरली.

जिथं जाईन तिथं हेच. कोणी म्हणे, आबाजी, मन मोठं आहे तुमचं. कोणी म्हणे, असा माणूस राजकारणात पाहिजे होता. गुरुजी तर भर रस्त्यात गाडी थांबवून म्हणाले, “आबाजी, खरं सांगतो, आठवं कलम लिहिताना मी भ्यालो होतो. वाटलं, तुम्ही भांडाल. आणि तुम्ही स्वतः प्रचार करून राहिले!” त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मान मिळत होता, आणि तोही कलम पास व्हायच्या आधीच. मी म्हटलं, पास झाल्यावर काय होईल!

सभेला चार दिवस राहिले असताना बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी शर्ट धुवायला टाकला होता, त्याच्या खिशातून तिनं तो मसुदा काढला. ती सातवी पास आहे. आणि तिची एक सवय आहे, ती कोणताही कागद शेवटच्या पानापासून वाचते, लग्नाची पत्रिकासुद्धा. तिचं माहेर गोसीखुर्दच्या धरणात गेलं. गाव उठायचं झालं तेव्हा कागद आले होते. तिच्या बाबांनी पहिलं पान वाचलं, पुढची पानं पुढं पाहू म्हणून ठेवली. तेव्हापासून ही मागून सुरू करते. मागून वाचत वाचत ती पाचव्या पानावर आली आणि थांबली.

“काहो, तुमी मत सोडून राहिले?”

“कोणतं मत?”

“हेच. ‘व त्यांना सभेस उपस्थित राहता येईल, परंतु मतदानाचा अधिकार राहणार नाही.’”

“कोणाले?”

“मानदले.”

“मानद म्हणजे?”

“म्हणजे तुमीच ना!” तिनं पान उलटून चौथ्या पानाचा तळ दाखवला. “हा ‘व’ पाहा. अन् हे त्याचं शेपूट.”

मी ते शेपूट स्वतः वाचलं. तीनदा वाचलं. सरकारी मराठी, पण ‘मतदान’ आणि ‘नाही’ हे शब्द मला चांगले येतात.

“मंग मानद म्हणजे काय?”

“नावापुरता,” ती म्हणाली. “हार घालाचा, पहिल्या खुर्चीवर बसवाचा, अन् विचाराचं कोणाले तं दुसऱ्याले.” मग माझ्याकडे नीट पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. “तुमाले मालूम नोतं?”

“मालूम कसं नाई?”

“अजी!”

“नोतं मालूम,” मी म्हटलं.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

एका मताचं एवढं काय, असं वाटेल कोणाला. सांगतो. ठेकेदाराकडे मी उभी हयात काढली. लोखंड कुठून उचलायचं आणि कुठं टाकायचं हे त्यानं मला सांगितलं, विचारलं कधी नाही. आता मुलगा नागपूरहून फोनवर सांगतो की घराला कोणता रंग दिला. विचारत नाही, दिला म्हणून सांगतो. सरकारी मतदान करतो, बटण दाबतो, पण ते मत कुठं जाऊन पडतं ते काही दिसत नाही. मैदानात दिसतं. मी राखड ओलांडली की त्या बाजूला एक डोकं वाढतं आणि मोजणारा माझ्याकडे बोट करून आकडा म्हणतो. कित्येक वेळा मी हरलो आहे. पण ते बोट मला मोजायला कधी चुकलं नाही. आणि ते मत मी स्वतःच्या सायकलवर बसून गावभर फिरून देऊन टाकलं होतं.

“गुरुजीले सांगून टाका, समजलं नोतं,” बायको म्हणाली.

“मरून जाईन, पण सांगणार नाई.”

“मरू नका. मत द्या.” ती पुन्हा कागद चाळू लागली. “हे पाहा, दुसरं कलम. ‘कोणीही अठरा वर्षांवरील व्यक्ती अर्ज केल्यास सभासद होऊ शकेल व सभासदास एक मत राहील.’ मानद होऊ नका. फारम भरा.”

“अध्यक्ष माणूस फारम भरते का? मी मंडळ काढलं, अन् आता मीच लायनीत उभा राहून सभासद होऊ?”

“मंग बसा पहिल्या खुर्चीवर,” ती म्हणाली आणि तांदळाकडे वळली.

चार दिवस मी चौकात गेलो नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं. गँगमन दोनदा येऊन गेला, माझा पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, “पाय ठीक आहे बे तुहा. डोकं दाखव कोणाले.”

रविवारी सकाळी मैदान भरलं होतं. इतकी माणसं तर आम्ही जिंकलेल्या सामन्यालाही नव्हती. गुरुजींनी ताज्या राखडीची रेघ स्वतः मारली होती, स्केलपट्टीसारखी सरळ. शेजारी टेबल, टेबलावर कोऱ्या फारमांचा गठ्ठा आणि चार पेन. कडेला बाया उभ्या होत्या, नेहमीसारख्या बघायला आलेल्या, त्यात माझीही.

गुरुजी एकेक कलम वाचू लागले. पहिलं मंडळाच्या नावाचं, ते सहज झालं. दुसरं सभासदत्वाचं. ‘कोणीही अठरा वर्षांवरील व्यक्ती’ असं वाचल्याबरोबर कडेच्या बायांमधून एक जण ओरडली, “व्यक्ती म्हणजे बायाही का, गुरुजी?”

“हो, बायाही.”

कलम अजून पास व्हायचं होतं. पण बाया थांबल्या नाहीत. पदर खोचून सरळ राखडीच्या हो-अंगाला येऊन उभ्या राहिल्या. गँगमन ओरडला, “अरे, ह्यायले मत नाई अजून! ह्यायले मोजू नका!” तेव्हा त्याचीच बायको त्याला म्हणाली, “मोजू नका तं नका मोजू. उभं राहाले काय लागते?” कलम पास झालं, आणि बायांनी एकमेकींच्या पाठीवर कागद ठेवून तिथल्या तिथं फारम भरले. मग पुरुषांनी भरले. गँगमननं सगळ्यात शेवटी भरला, शिव्या देत. मी एकटा राहिलो. मला कोणी दिलाच नाही. मी तर मानद होणार होतो.

पुढचं एक कलम होतं की पंचाला अपशब्द वापरणाऱ्या सभासदावर कारवाई होईल. सगळं मंडळ एका पायावर बोडीच्या अंगाला गेलं. गुरुजी स्टेशनाच्या अंगाला एकटे.

“मंग आम्ही मैदानावर येऊन करू काय?” गँगमन म्हणाला. “भजन?”

शेवटी तडजोड झाली. आईबहिणीवरून काही बोलायचं नाही, आणि पंचाच्या डोळ्यांविषयी बोललं तर चालेल. गुरुजींनी ते कसं लिहिलं मला माहीत नाही, पण लिहिलं.

मग आलं आठवं. गुरुजींनी ते सगळं वाचलं, ‘व’च्या पुढचंही, सावकाश. कागद खाली केला. म्हणाले, “मंडळींनो, हे कलम लिहिणं सोपं होतं, मानणं अवघड. अन् ज्यांना अवघड होतं त्यांनीच घरोघरी जाऊन तुम्हाला समजावलं. आबाजी, तुमची गोष्ट आहे. पहिला पाय तुमचा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रेघेपाशी गेलो. मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. ह्यातल्या निम्म्यांच्या घरी मी चहा प्यालो होतो, हो म्हणा म्हणून. आता मीच बोडीच्या अंगाला गेलो तर त्यांनी काय समजायचं? शब्द दिला होता. न समजून दिला, पण दिला होता. मी स्टेशनाच्या अंगाला गेलो. माझ्यामागून सगळे आले, गुरुजी आले, बाया आल्या, बायको आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

पलीकडे गँगमन एकटा, हाताची घडी घालून.

“ये ना बे इकडं,” मी म्हटलं. “तुहं काय अडलं?”

“मी नाई येत.”

“माझी गोष्ट आहे, अन् मी हो म्हणून राहिलो!”

“तू म्हण. तुह्यात अक्कल नाई.” मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. “मले आज कळलं मानद म्हणजे काय, गुरुजीनं वाचलं तवा. ह्या बुढ्याचं मत जाऊन राहिलं. इतके वर्ष ह्याच्या मताच्या विरोधात उभा राहिलो मी. त्याले मतच नसलं तं मी उभा कोणाच्या विरोधात राहू?”

लोक हसले. मला हसू आलं नाही. मोजणी झाली. सगळे विरुद्ध एक. आठवं कलम पास.

गुरुजी हार घेऊन माझ्याकडे येऊ लागले. झेंडूचा, चांगला जाड. मी हात आडवा केला.

“हार राहू द्या. एक फारम द्या.”

“कशाचा, आबाजी?”

“सभासदाचा. तुमचं मानदपण फार चांगलं आहे, पण ते मले नको. मी नाई म्हणू शकतो का नाई? तसा नियम कोठी आहे का, का जबरदस्तीनं मान द्याचा?”

गुरुजींनी सात पानं उलटसुलट चाळली. तसा नियम नव्हता. “पण मग तुम्ही प्रचार कशाला केला?”

आता इथं मी काहीही सांगू शकलो असतो. दोन-चार चांगली कारणं जिभेवर आली होती. पण समोर गँगमन अजून बोडीच्या अंगालाच उभा होता, माझ्या मतासाठी, एकटा.

“मले मानदचा अर्थ मालूम नोता,” मी म्हटलं. “मले वाटलं, मान दे. पुढचं पान मी वाचलं नाई. वाचाले बसलो तं मले वेळ लागते. अन् माझा चश्मा कधीच घरी राहत नाई, तो हा, खिशात असते.”

मग बायांच्या बाजूनं हसू फुटलं, आणि ते पसरलं, आणि गँगमन तर खाली बसला हसता हसता. मला वाटलं होतं त्याहून कमी लागलं ते. कोणीतरी ओरडलं, “मान द्या रे आबाजीले, फारम द्या!”

गुरुजींनी टेबलापाशी खुर्ची ओढली. म्हणाले, “मी भरून देऊ का?”

“मी भरतो.”

नाव लिहिलं. गाव लिहिलं. शिक्षण तिसरी लिहिलं, अर्धी लिहिली नाही. खाली जागा होती, मी अमुक अमुक सदर मंडळाचा कोण होऊ इच्छितो ते लिहायची. मी लिहिलं, सभासद. सरळ लिहिलं, एका दमात, एकही अक्षर एकमेकांत अडकलं नाही. अध्यक्ष हा शब्द मला इतक्या वर्षांत कधी धड लिहिता आला नव्हता. प्रत्येक पावतीवर तो वेगळाच व्हायचा, आणि लोक त्याला माझी सही समजायचे.

“मंग मानद अध्यक्ष कोणाले कराचं?” एकानं विचारलं. मी गँगमनकडे बोट केलं. तो म्हणाला, “माझ्या मयतीवर करजा.”

नववं कलम लगेच आलं. सामन्यात डफ मध्यंतरानंतरच वाजवावा, कारण खेळाडूंना एकमेकांची हाक ऐकू येत नाही. डफ हा मंडळाचा जीव आहे. मी फारमाची शाई वाळायच्या आत बोडीच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. गँगमन माझ्याकडे पाहत, नेहमीप्रमाणे, पलीकडे गेला. माणसं इकडून तिकडे, तिकडून इकडे, बराच गोंधळ झाला. मोजणारा आला, माझ्याकडे बोट करून आकडा म्हणाला. मी एका डोक्यानं हरलो.

ते डोकं कोणाचं हे मला लांबूनच दिसलं होतं. हिरवं लुगडं.

घरी जाताना मी तिला म्हटलं, “काहून तिकडं गेली?”

“डफानं माझं डोकं दुखते.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून.”

“मंग इतके वर्ष सांगितलं काहून नाई?”

“विचारलं कोणी?”

ह्याचं उत्तर मी तिला पुढच्या सभेत देईन. पास झालेलं कलम बदलायची सूचना कोणताही सभासद देऊ शकतो, लेखी, सात दिवस आधी. सहाव्या पानावर आहे. मी स्वतः वाचलं.